पाण्याच्या पंपाचा कंट्रोलर: फ्लॅग काढून स्टेट मशीन बसवताना केलेल्या नोंदी

काम: हौदातलं पाणी वरच्या टाकीत चढवणाऱ्या पंपाचा कंट्रोलर. वरच्या टाकीत दोन फ्लोट, म्हणजे पाण्यासोबत वर-खाली होणारे स्विच (रिकामी, भरली), हौदात एक, चढत्या पाइपवर फ्लो स्विच (पाणी वाहतंय का ते सांगणारा), एक बटण, पंप चालू-बंद करणारा एक रिले, एक बझर. बोर्ड अर्डुइनो नॅनो, म्हणजे एटीमेगा ३२८पी: ३२ केबी फ्लॅश, २ केबी रॅम. जुना कोड चालत होता, पण महिन्यातून एखाद-दोनदा पंप कारण नसताना थांबून बसायचा आणि बोर्ड रीसेट केल्यावरच हलायचा.

दिवस १ (३ तास)

जुना कोड वाचला. पाच बूलियन फ्लॅग (हो किंवा नाही एवढंच साठवणाऱ्या खुणा): पंप चालू, भरणं सुरू, हाताने थांबवलंय, कोरडा चालला, विश्रांती. पाच फ्लॅगांच्या जोड्या ३२ होतात. त्यातल्या अर्थ लागणाऱ्या जेमतेम सहा. उरलेल्या २६ पैकी एखादीत बोर्ड शिरला की बाहेर यायची वाट कुठेच लिहिलेली नाही. "पंप बंद, भरणं सुरू, विश्रांती नाही" या जोडीत तो अडकतो हे फ्लॅग सिरियलवर छापून दिसलं. बटण दाबल्यावर पंपाचा फ्लॅग खाली जातो, भरण्याचा तसाच राहतो.

इथे आणखी एक इफ टाकून काम भागलं असतं. आधीच्या तीन दुरुस्त्या तशाच झाल्या होत्या, म्हणून सगळं काढून स्टेट मशीन म्हणून पुन्हा लिहायचं ठरलं: एका वेळी ठरलेल्या अवस्थांपैकी (स्टेट) एकच, आणि काही घडलं (इव्हेंट) की तक्ता सांगेल त्याच स्टेटमध्ये जायचं.

दिवस २ (२ तास, सगळे कागदावर)

सहा स्टेट ठरल्या.

निवांत: पंप बंद, वाट पाहतोय.
सुरुवात: पंप चालू, पाइपात पाणी यायचंय. मुदत २० सेकंद.
भरणे: पंप चालू, पाणी चढतंय. कमाल ४० मिनिटं.
विसावा: पंप बंद, मोटरला सक्तीची ५ मिनिटं.
कोरडा: पाणी आलंच नाही. ३० मिनिटांनी पुन्हा प्रयत्न, जास्तीत जास्त ३ वेळा.
अडकला: बझर. माणसाने बटण ३ सेकंद दाबल्याशिवाय सुटका नाही.

इव्हेंट आठ: टाकी-रिकामी, टाकी-भरली, प्रवाह-आला, प्रवाह-तुटला, हौद-रिकामा, वेळ-संपली, बटण, लांब-बटण.

गोल आणि बाण काढले तेव्हा चित्र छान दिसलं. १२ बाण, सगळं पूर्ण झाल्यासारखं. मग तेच तक्त्यात उतरवलं, आडवे इव्हेंट, उभ्या स्टेट. ४८ घरं, भरलेली १२, रिकामी ३६. चित्रात न काढलेला बाण डोळ्याला दिसत नाही. तक्त्यातलं रिकामं घर मात्र टोचतं.

नियम केला की एकही घर रिकामं सोडायचं नाही. पुढची स्टेट लिहा, नाहीतर "दुर्लक्ष" लिहा, नाहीतर "अशक्य" लिहा. ३६ घरांपैकी २७ दुर्लक्ष निघाली, ५ अशक्य आणि ४ चक्क चुका:

सुरुवात + बटण: पंप सुरू होत असताना कोणी बटण दाबलं तर थांबायलाच नको का? विसावा.
सुरुवात + टाकी-भरली: विसावा.
सुरुवात + हौद-रिकामा: विसावा.
कोरडा + टाकी-भरली: दुसरीकडून पाणी भरलं गेलं तर अर्ध्या तासाने पंप भरलेल्या टाकीवर सुरू झाला असता. विसावा.

यातली पहिली चूक जुन्या कोडमध्येही होती.

"अशक्य" घराकडेही नीट बघावं. निवांत + प्रवाह-आला आधी अशक्य लिहून पुढे गेलो होतो. पंप बंद असताना प्रवाह कसा येईल? रिलेचा संपर्क चिकटला तर येईल, आणि तेव्हा ओरडायलाच हवं. म्हणून अशक्य म्हणजे "नोंद कर, अडकला मध्ये जा" असा अर्थ ठरवला.

दिवस ३ (४ तास)

कोड लिहिला. स्विच-केसमध्ये स्विच-केस हा पहिला मसुदा तासाभरात टाकून दिला. त्यात रिकामं घर पुन्हा अदृश्य होतं आणि एखादा ब्रेक विसरला की खालची केस गुपचूप चालते. तक्ताच कोडमध्ये ठेवला: दर घराला दोन बाइट, पुढची स्टेट आणि अटीचा क्रमांक. ४८ घरांचे ९६ बाइट.

पंप चालू-बंद करणारी ओळ बाणावर ठेवायची की स्टेटच्या दारात? (हा वाद मीली यांचं १९५५ चं बाणावर ठेवणारं आणि मूर यांचं १९५६ चं स्टेटवर ठेवणारं मशीन, इतका जुना आहे.) इथे दारात ठेवली. सुरुवात मध्ये शिरलं की पंप चालू. निवांत, विसावा, कोरडा, अडकला मध्ये शिरलं की बंद. बाणावर ठेवली असती तर पंप बंद करायची ओळ आठ ठिकाणी लिहावी लागली असती आणि नववी राहून गेली असती.

दीड तास वाया गेला तो तक्ता फ्लॅशमध्ये ठेवण्यात. प्रोग्मेम (फ्लॅशमध्ये ठेव, असं सांगणारी खूण) लावलं, पण वाचताना साधा ॲरे वाचला. या चिपमध्ये फ्लॅश आणि रॅमचे पत्ते वेगळे असतात, त्यामुळे फ्लॅशच्या पत्त्यावर रॅममधलं जे काही पडलेलं होतं ते हाती आलं. मशीन स्टेट क्रमांक १८३ मध्ये गेलं. प्रत्येक बाइट फ्लॅश वाचणाऱ्या पीजीएम-रीड-बाइटनेच वाचायचा. शिवाय पुढची स्टेट ६ किंवा त्याहून मोठी आली तर आधी पंप बंद आणि मग अडकला, अशी तपासणी कायमची घातली.

दिवस ४ (३ तास)

मशीनची फाइल बोर्डापासून पूर्ण तोडली. आत पिन नाही, घड्याळ नाही. इव्हेंट आणि वेळ बाहेरून येतात, "पंप चालू" हा निर्णय बाहेर जातो. तीच फाइल संगणकावर कंपाइल केली, खोटं घड्याळ जोडलं आणि ४० मिनिटांचं भरणं निमिषात तपासून झालं.

दर बदलाला एक ओळ छापायची सोय केली (मिलिसेकंद, स्टेट, इव्हेंट, पुढची स्टेट). या एका सोयीने पुढे सगळ्यात जास्त तास वाचवले:

३०००० | निवांत | टाकी-रिकामी | सुरुवात
४१२०० | सुरुवात | प्रवाह-आला | भरणे
९८७४०० | भरणे | टाकी-भरली | विसावा
१२८७४०० | विसावा | वेळ-संपली | निवांत

दिवस ५ (५ तास, पैकी ४ वाया)

संगणकावर सगळ्या चाचण्या पास. बोर्डावर विसावा संपेचना. सुरुवातीची २० सेकंदं बरोबर, विसाव्याची ५ मिनिटं मात्र कधीच पूर्ण होत नाहीत. टायमरचा कोड तीनदा वाचला, रिले बदलून पाहिला, दुसरा नॅनो लावला.

कारण एका ओळीत होतं: ५ * ६० * १०००. या चिपवर इंट १६ बिटांचा. ३,००,००० त्यात मावत नाही. उरतात ३७,८५६, आणि चिन्हासकट वाचले तर उणे २७,६८०. ते बिनचिन्ही ३२ बिटांत गेलं की साधारण ४९.७ दिवस होतात. २० * १००० मात्र २०,००० होतात, ते मावतात. म्हणून छोटा टायमर बरोबर आणि मोठा चूक. संगणकावर इंट ३२ बिटांचा असल्याने चाचणीला काहीच दिसलं नाही.

दुरुस्ती: आकड्यांमागे यूएल (हा आकडा ३२ बिटांचा बिनचिन्ही धर), आणि सगळीकडे ठरावीक रुंदीचे टाइप. कंपायलर याबद्दल ओरडतो, पण अर्डुइनोच्या आयडीईत वॉर्निंग मुळातच बंद असतात. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन "ऑल" करा. हे काम खरं तर पहिल्या दिवशीचं.

त्याच बैठकीत "आत्ता > सुरुवात + मुदत" अशी तुलना काढून "आत्ता − सुरुवात >= मुदत" केली. मिलिसचा (बोर्ड उठल्यापासूनच्या मिलिसेकंदांचा) काउंटर ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. बिनचिन्ही वजाबाकीला त्याचं काही वाटत नाही, बेरजेला वाटतं.

दिवस ८ (६ तास)

सगळ्यात महाग चूक ही. बाकी काही वाचलं नाही तरी हे वाचा.

बाकावर बादल्या लावून चाचणी चालू. टाकी भरली, विसावा सुरू झाला. त्या पाच मिनिटांत टाकी मुद्दाम रिकामी केली. विसावा संपला, निवांत आलं आणि पंप सुरूच झाला नाही. टाकी कोरडी ठणठणीत, मशीन निवांत.

टाकी-रिकामी हा इव्हेंट फ्लोट पडला त्या क्षणी एकदाच येतो. तो विसाव्यात आला, तक्त्यात तिथे "दुर्लक्ष" लिहिलेलं. मशीन निवांतमध्ये पोचलं तेव्हा फ्लोट आधीच खाली होता, नवा बदल नाही, म्हणून नवा इव्हेंट नाही. तक्ता बरोबर, कोड बरोबर, तरी टाकी रिकामी. बटण ही घडणारी गोष्ट, पाण्याची पातळी ही असणारी गोष्ट. दोन्हींना एकाच मापाने मोजलं की हे होतं.

पहिली दुरुस्ती: निवांतच्या दारातच फ्लोट बघ, खाली असेल तर थेट सुरुवातमध्ये जा. ही चुकली. दारातला कोड चालू असतानाच दुसरा बदल सुरू झाला. सुरुवातच्या दाराने पंप चालू केला, मग अर्धवट राहिलेला निवांतचा कोड परत आला आणि त्याने शेवटच्या ओळीत पंप बंद केला. छापलेली ओळ सांगत होती "सुरुवात", रिले मात्र बंद. २० सेकंदांनी अर्थातच कोरडा.

दुसरी दुरुस्ती टिकली. दारात शिरताना स्टेट बदलायची नाहीच. फ्लोटची सध्याची पातळी इव्हेंट म्हणून रांगेत टाकायची. चालू बदल पूर्ण संपला की मगच रांगेतला पुढचा इव्हेंट उचलायचा. हा नियम सगळ्या सहा स्टेटना लावला, तिन्ही फ्लोटसाठी. रांग ८ जागांची होती, १६ केली.

त्यावरून आणखी एक सुधारणा सुचली. कोरडा संपला की बाण सुरुवातकडे जात होता, तो निवांतकडे वळवला. टाकी-हौद बघायची अट आता एकाच दारात राहते. निवांतमध्ये यायचं तर फक्त वेळ-संपलीनेच यायचं, असा नियम वहीत लिहून ठेवला. दोन दिवसांनी तो कामाला आला.

इंटरप्ट (चालू कोड मध्येच थांबवून धावणारा कोड) कुठेही वापरलेला नाही. पाणी मायक्रोसेकंदात वागत नाही, आणि इंटरप्टमधून रांगेत लिहायचं तर कुलुपं आली.

दिवस ९ (२ तास)

प्रवाह नेमका २० व्या सेकंदाला आला की पंप थेट अडकला मध्ये. छापलेल्या ओळी:

५००१० | सुरुवात | प्रवाह-आला | भरणे
५००१० | भरणे | वेळ-संपली | अडकला

एकाच फेरीत दोन्ही इव्हेंट रांगेत पडले. वेळ-संपली सुरुवातच्या २० सेकंदांचा होता, पण उचलला गेला भरणेमध्ये, आणि तिथे त्याचा अर्थ "४० मिनिटं झाली". शिळा टायमर. स्टेट बदलली की वाढणारा एक बाइटचा काउंटर ठेवला. वेळ-संपली रांगेत टाकताना त्याच्यावर त्या काउंटरचा शिक्का. उचलताना शिक्का जुळला नाही तर इव्हेंट फेकून द्यायचा.

दिवस १० (३ तास)

हाताने लिहिलेल्या चाचण्या आपल्याला सुचलेलंच तपासतात. म्हणून संगणकावर १० लाख यादृच्छिक इव्हेंट, मध्ये यादृच्छिक वेळ, आणि प्रत्येक पावलाला दोन अटी: पंप चालू असेल तर स्टेट सुरुवात किंवा भरणेच हवी, पंप बंद झाल्यापासून पुन्हा चालू होईपर्यंत ५ मिनिटं गेलेली हवीत.

दुसरी अट काही सेकंदांतच मोडली. तिसऱ्यांदा कोरडा जाऊन पंप अडकला मध्ये गेला, लगेच लांब-बटण, तिथून निवांत, टाकी रिकामी, पंप चालू. मधे जेमतेम चार सेकंद. वहीतला नियम इथेच मोडला होता. अडकला + लांब-बटण आता विसाव्याकडे.

दुसरा सापळा: टाकीचे दोन्ही फ्लोट एकाच वेळी "खरं" म्हणाले तर पंप दर पाच मिनिटांनी क्षणभर टक करून बंद होतो. रिकामी म्हणते चल, भरली म्हणते थांब. तार तुटली किंवा फ्लोट अडकला की हे होणारच. फ्लोट-विसंगत हा नववा इव्हेंट घातला, सगळ्या ओळींत अडकला. बिघाड दाखवणाऱ्या यादृच्छिक क्रमाचा बीज-आकडा (सीड) छापून ठेवा, नाहीतर तोच क्रम पुन्हा मिळवता येत नाही.

दिवस ११ (४ तास)

खऱ्या टाकीवर. पाण्याच्या लाटांनी फ्लोट डुलतो आणि एका भरण्यात टाकी-भरली दहा-बारा वेळा येतो. गाळणी मशीनच्या बाहेर ठेवली: फ्लोट ३ सेकंद स्थिर, फ्लो स्विच २ सेकंद, बटण ३० मिलिसेकंद. हे मशीनच्या आत घ्यायचा मोह होतो. मग "भरणे-पण-बहुतेक-भरली" अशी स्टेट जन्माला येते आणि तक्ता दुप्पट होतो.

रिलेने थेट मोटर चालवू नका. रिले कॉन्टॅक्टरची (मोठ्या प्रवाहाच्या रिलेची) कॉइल चालवतो, कॉन्टॅक्टर मोटर. कॉइल सुटताना उडणाऱ्या झटक्याने नॅनो रीसेट व्हायचा. कॉइलला समांतर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा, झटका शोषणारा स्नबर (मेन्सला चालणारा कपॅसिटर) लावल्यावर थांबलं. पण त्या रीसेटनेच एक चूक दाखवली. बोर्ड उठला की निवांतपासून सुरू करत होता, म्हणजे मोटर बंद होताच रीसेट, लगेच निवांत, लगेच पुन्हा चालू. वीज लुकलुकली तरी हेच. आता बोर्ड उठतो तो विसाव्यात. स्टेट ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) साठवून तिथूनच पुढे चालू करायचा विचार सोडला, कारण मधल्या काळात पाण्याचं काय झालं हे बोर्डाला माहीत नसतं. फक्त अडकला साठवतो, एक बाइट, शिरताना आणि सुटताना.

रिले बोर्ड लो-ॲक्टिव्ह आहे, म्हणजे पिन लो झाली की रिले चालू. आधी पिन आउटपुट करून मग हाय लिहिलं तर उठताना रिले एकदा वाजतो. आधी हाय लिहा, मग आउटपुट करा.

दिवस १४ (३ तास)

पंप पुन्हा बसून राहिला. टाकी रिकामी, हौद भरलेला, स्टेट निवांत. हौद आधी रिकामा होता म्हणून निवांतने टाकी-रिकामी नाकारला होता. नंतर हौद भरला, पण हौद-भरला नावाचा इव्हेंटच नाही. तक्त्याचा भरवसा इथे संपतो. रिकामं घर तो दाखवतो, विसरलेला रकाना दाखवत नाही. तेव्हापासून सवय: अटीत वापरलेली प्रत्येक गोष्ट बदलली की तिचा इव्हेंट आहे का, हे वेगळं तपासायचं. रकाने दहा, घरं ६०, फ्लॅशमध्ये १२० बाइट.

दुसरी गोष्ट कोरड्या प्रयत्नांच्या मोजणीची. भरणेमध्ये शिरलं की मोजणी शून्य होत होती. पाइपातलं उरलंसुरलं पाणी क्षणभर फ्लो स्विच हलवतं, भरणे लागते, मोजणी शून्य, प्रवाह तुटतो, कोरडा, पुन्हा तेच. तिसरा प्रयत्न कधी येतच नाही. मोजणी आता फक्त टाकी-भरली आणि लांब-बटण यांवरच शून्य होते.

दिवस १७ (२ तास)

हात-मोडची मागणी आली: फ्लोट काहीही म्हणोत, बटण दाबलं की १० मिनिटं पंप. सरळ घातलं तर प्रत्येक स्टेटची हात-आवृत्ती, सहाच्या बारा. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड हॅरेल यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या पोटातल्या स्टेट आणि समांतर भाग याच दुखण्यासाठी आहेत, पण सहा स्टेटसाठी तेवढी लायब्ररी आणणं पटलं नाही. दोन स्टेटचं वेगळं छोटं मशीन केलं, ऑटो आणि हात. हात असताना ते तिन्ही फ्लोटचे इव्हेंट रांगेत पडण्याआधीच अडवतं. प्रवाह, वेळ आणि विसावा मोठ्या मशीनचेच, त्यामुळे कोरडा संरक्षण हातातही सुटत नाही.

वॉचडॉग (लूप अडकला तर बोर्ड रीसेट करणारा टायमर) ८ सेकंदांवर लावला, थोपटायची ओळ मुख्य लूपमध्ये एकच. जुन्या बूटलोडरच्या (बोर्ड उठताना आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या) नॅनोवर वॉचडॉग सुटला की बोर्ड रीसेटच्या चक्रात अडकतो. ऑप्टिबूट हा दुसरा बूटलोडर भरल्यावर थांबलं.

एकूण ३७ तास. हात-मोडसह १० लाखांची चाचणी अजून चालवलेली नाही. हात चालू असताना वीज गेली तर उठल्यावर ऑटो धरायचा की हात, तेही ठरायचंय, सध्या ऑटो.